मुलगा असेल तर ऑटिझमचा धोका जास्त? बाळाची वाट पाहणाऱ्या आई-वडिलांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

घरात बाळाची चाहूल लागली की दोन प्रश्न हमखास येतात. मुलगा होईल की मुलगी? आणि बाळ नीट असेल ना? मोबाईलवर फिरणाऱ्या रील्सनी आता या दोन प्रश्नांची एकत्र गाठ मारली आहे. 'ऑटिझम मुलांमध्ये चौपट असतो' हे वाक्य ऐकलं की पोटात बाळ असलेल्या आईची झोप उडते. ज्या घरात मुलगाच हवा म्हणून नवस बोलले जातात, त्याच घरात मग मुलगा असण्याचीही भीती वाटू लागते.

परभणी तालुक्यातलं पेडगाव असो की पुणे, रील तीच पोहोचते. पुण्यात शंका विचारायला मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर सापडतात. पेडगावात हा प्रश्न आधी आशाताई किंवा अंगणवाडीताईंपुढे येतो. म्हणून या भीतीत खरं किती, खोटं किती आणि शंका आल्यास गावातून नेमकं कुठे जायचं, हे समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

ऑटिझमचं निदान मुलांमध्ये मुलींपेक्षा तीन ते चार पट जास्त होतं, हे खरं आहे. पण बहुतांश मुलग्यांना ऑटिझम नसतो. गर्भात असताना तो कुठल्याही नेहमीच्या तपासणीत कळत नाही. बाळ मुलगा आहे की मुलगी यावरून तो होणार की नाही हे सांगता येत नाही. आई-वडिलांच्या हातात जे आहे, ते बहुतेक सगळं जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आहे.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा आजार ताप किंवा कावीळीसारखा येऊन जाणारा नाही. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे इतरांशी संवाद साधणं, नजरेला नजर देणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं अवघड जाऊ शकतं. काही मुलं एकच कृती पुन्हा पुन्हा करतात, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होतात. मिक्सरचा आवाज किंवा लग्नातला बॅंड काहींना अजिबात सहन होत नाही.

प्रत्येक मूल वेगळं असतं. कुणी बोलतच नाही, कुणी भरपूर बोलतं पण एकाच विषयावर. कुणाला आयुष्यभर मदत लागते, कुणी शिकून नोकरी करतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

'चौपट' हा आकडा आला कुठून?

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला. ऑटिझमच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानली जाते. त्या ११ जणांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढेही निदान झालेल्यांमध्ये मुलग्यांची संख्या जास्तच दिसत राहिली आणि चारास एक हे प्रमाण रूढ झालं.

२०१७ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आधीच निदान झालेल्या मुलांच्या नोंदी मोजल्या, तर मुलगे साडेचार पटींच्या आसपास भरतात. पण संशोधक स्वतः जाऊन सगळ्या मुलांची तपासणी करतात, तेव्हा हे प्रमाण तीनास एकच्या जवळ येतं. म्हणजे मुलींमध्ये ऑटिझम कमी आहेच, पण कागदावर दिसतो तेवढा कमी नाही. काही मुली निदानापर्यंत पोहोचतच नाहीत.

चौपट म्हणजे प्रत्यक्षात किती?

'पट' हा शब्द फसवा असतो. समजा एका गोष्टीची शक्यता १०० त १ आहे आणि दुसरीची १०० त ४. दुसरी चौपट झाली, तरी १०० पैकी ९६ वेळा ती घडत नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२५ मध्ये दिलेली आकडेवारी पाहू. तिथल्या १६ ठिकाणी ८ वर्षांच्या मुलांची २०२२ मधली माहिती तपासली, तेव्हा ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं आढळलं. मुलग्यांमध्ये हे प्रमाण हजारी सुमारे ४९, तर मुलींमध्ये हजारी सुमारे १४ होतं. म्हणजे निदानाचं प्रमाण इतकं जास्त असलेल्या ठिकाणीही हजारातल्या सुमारे ९५० मुलग्यांना ऑटिझम नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज याहून बराच कमी, २०२१ साली १२७ जणांमागे एक असा आहे.

भारतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी झाली होती. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. ऑटिझम हा 'परदेशातला' किंवा 'शहरातला' प्रकार नाही, हे त्यातून दिसलं. खेड्यात तो कमी दिसतो कारण तिथे तो शोधलाच कमी जातो.

मुलग्यांमध्ये जास्त का?

याचं एक पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांहून जास्त मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात तो सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज निघाला. पण यामागे एकच जनुक नसतं. शेकडो जनुकांतले छोटे-मोठे बदल एकत्र येतात.

असे बदल मुलींमध्ये असले तरी त्यांचा परिणाम दिसायला ते जास्त प्रमाणात असावे लागतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जणू मुलींना जन्मतः थोडं जास्त संरक्षण असतं. एक्स गुणसूत्र हेही एक कारण असू शकतं. मुलींकडे ही गुणसूत्रं दोन असतात, मुलग्यांकडे एकच. त्या एका गुणसूत्रावर बिघाड झाला तर भरून काढायला दुसरं नसतं. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात असंच होतं आणि त्यातल्या काही मुलांमध्ये ऑटिझमही दिसतो.

मग मुली नजरेतून का सुटतात?

याचं कारण बरचसं आपल्या घरांत आणि शाळांत आहे. मुलगा वर्गात आरडाओरडा करतो, वस्तू फेकतो, धावत सुटतो. त्याची तक्रार घरी येते. मुलगी कोपऱ्यात गप्प बसून राहते, तेव्हा 'किती गुणी पोर आहे' असं म्हटलं जातं. ती कुणाशी बोलत नाही तर ती लाजाळू ठरते. नजर वर करत नाही तर ती संस्कारी ठरते.

ऑटिझम असलेल्या अनेक मुली इतरांचं पाहून तसंच वागायला शिकतात. मैत्रिणी हसल्या की हसायचं, त्या करतात तसे हातवारे करायचे. भातुकलीतही त्या बसतात, पण खेळ रंगण्याऐवजी भांडी एका ओळीत लावण्यात रमतात. दिवसभर असं वागणं फार थकवणारं असतं. त्यामुळे शाळेत शांत असलेली मुलगी घरी येऊन रोज रडते, चिडते. अशा मुलींचं निदान अनेकदा किशोरवयात किंवा त्याहूनही उशिरा होतं. तोपर्यंत चिंता आणि नैराश्य यांनी त्यांना घेरलेलं असू शकतं.

मुलग्यांच्या बाबतीत वेगळी चूक होते. 'मुलं उशिराच बोलतात, ह्याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे बरोबर आहे, पण हा फरक काही आठवड्यांचा, फार तर एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षा-दोन वर्षांचा नाही.

सोनोग्राफीत ऑटिझम कळतो का?

नाही. साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदूची रचना दिसते. बाळ पुढे कसं बोलेल, कसं वागेल हे दिसत नाही. आईच्या रक्ताची तपासणी करून डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या विकाराचा अंदाज घेता येतो, ऑटिझमचा नाही. ऑटिझमसाठी जन्मानंतरही रक्ताची किंवा एमआरआयची अशी एक चाचणी नाही. मुलाचं वागणं पाहून, आई-वडिलांशी बोलून निदान होतं.

'मुलगी असेल तर बरं' म्हणून लिंग तपासता येईल?

हा प्रश्न ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण भीती माणसाला कुठेही नेते. गर्भाचं लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य होतं, ते साल १९८८. पुढे १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेआधी लिंग निवडण्यावरही बंदी आली. कारण मुलगा हवा हे असो की ऑटिझमची भीती, कायद्याला फरक पडत नाही. तपासणी करून घेणाऱ्यांना पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिच्यावर जबरदस्ती झाली आहे, त्या गर्भवतीला यात शिक्षा नाही.

परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४ होती. या भागात लिंग तपासणीला आणखी एक निमित्त मिळणं परवडणारं नाही. शिवाय त्या तपासणीतून ऑटिझमबद्दल काहीही कळत नाही.

पहिल्या मुलाला ऑटिझम असेल तर दुसऱ्याचं काय?

इथे काळजीला आधार आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक मूल ऑटिस्टिक असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासात पुढच्या भावंडांपैकी सुमारे २० टक्क्यांमध्ये ऑटिझम आढळला. धाकटा मुलगा असेल तर हे प्रमाण सुमारे २५ टक्के आणि मुलगी असेल तर सुमारे १३ टक्के होतं. म्हणजे अशा कुटुंबातही पाचपैकी चार भावंडांना ऑटिझम नव्हता. अशा आई-वडिलांनी दुसऱ्या बाळाचा विचार करताना आनुवंशिक समुपदेशन घ्यावं आणि ते बाळ सहा महिन्यांचं झाल्यापासून त्याच्या वाढीकडे बारकाईने लक्ष द्यावं.

आईचं काही चुकलं म्हणून असं होतं का?

नाही. एकेकाळी डॉक्टरही असंच म्हणायचे. आई बाळाला माया देत नाही म्हणून ते स्वतःत मिटतं, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत पसरला होता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, तो खोडून काढला. आपल्याकडे मात्र आजही सून सगळ्यात आधी आरोपी ठरते. तिने ग्रहण पाळलं नाही, ती रडत होती, तिने अमुक खाल्लं. यातल्या कशाचाही ऑटिझमशी संबंध नाही.

लसीमुळे होतो? नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी फक्त १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय घेतला. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात या लसीने धोका वाढत नसल्याचं स्पष्ट झालं. उलट आईला गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला अंधत्व, बहिरेपणा, हृदयविकार आणि ऑटिझमचाही धोका वाढतो. म्हणजे ही लस टाळण्यातच धोका आहे. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचे डोस ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात मोफत मिळतात.

पॅरासिटामॉलमुळे होतो? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तसं म्हटल्यावर हा प्रश्न जगभर गेला. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांवर झालेल्या २०२४ च्या अभ्यासात एकाच आईच्या मुलांची तुलना केली, तेव्हा संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही सबळ पुरावा नसल्याचं सांगितलं. गरोदरपणात जास्त ताप अंगावर काढणं बाळासाठी घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या मात्रेत गोळी घ्यावी.

मोबाईलमुळे होतो? मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण स्क्रीनसमोर बसलेल्या बाळाशी बोलणं कमी होतं आणि त्याचं बोलणं लांबू शकतं. एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाईल जरूर बंद करा, पण 'मोबाईलमुळेच आहे, सुटेल' म्हणत वर्षभर थांबू नका.

गरोदरपणात काय करता येतं?

ऑटिझम टाळण्याचा हमखास उपाय कुणाकडेच नाही. तसा दावा करणारा माणूस काहीतरी विकत असतो. पण बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी उपयोगी गोष्टी साध्या आहेत. गर्भधारणेआधीपासून आणि पहिल्या तीन महिन्यांत फोलिक अॅसिड घेणं, मधुमेह आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, सगळ्या तपासण्या वेळेवर करणं, तंबाखू, मिश्री आणि दारू टाळणं. आईला फिट येत असतील तर विशेष काळजी हवी. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचा बाळातल्या ऑटिझमशी संबंध दिसला आहे. ते घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोलून पर्याय विचारावा. गोळी स्वतःहून बंद करू नये, कारण फिट येणं आई आणि बाळ दोघांना धोक्याचं असतं.

काळजीने झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

जन्मानंतर काय बघायचं?

मुलगा असो वा मुलगी, खुणा त्याच आहेत.

- सहा महिन्यांपर्यंत बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून खुलून हसत नाही.
- वर्षापर्यंत नावाने हाक मारली तरी वळत नाही. टाटा करत नाही, बुवा-कुकच्या खेळात रमत नाही.
- दीड वर्षापर्यंत 'काऊ कुठंय?' म्हटल्यावर बोट दाखवत नाही. स्वतःला आवडलेली गोष्ट आईला दाखवायला आणत नाही.
- १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' यासारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही.
- येत असलेले शब्द किंवा कृती कुठल्याही वयात बंद पडतात.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे ऑटिझम आहेच असं नाही. कमी ऐकू येत असेल तरी बाळ हाकेला वळत नाही. म्हणून कानाची तपासणी आधी करतात. पण खूण दिसली तर वाट पाहायची नाही, हे पक्कं.

पेडगावातून जायचं कुठे?

सुरुवात घरातल्याच कागदापासून होते. गर्भवतीला मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात बाळाने कोणत्या वयात काय करायला हवं, हे चित्रांसह दिलेलं असतं. बहुतेक घरांत हे कार्ड फक्त लसींच्या तारखांसाठी उघडलं जातं. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना आशाताईंनी घरी येऊन वाढ पाहणं अपेक्षित आहे. त्या आल्या की कार्डातलं ते पान समोर ठेवा.

पुढचा टप्पा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो महाराष्ट्रातूनच, पालघरमधून. यात डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुलांची मोफत तपासणी करतं. तपासणीच्या यादीत बोलण्यातला उशीर आणि ऑटिझमही आहे. पथक पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतं, म्हणजे परभणीला. ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची मुलं या तपासणीतून सुटतात. जाण्याआधी आणि परत आल्यावर अंगणवाडीत पथकाची तारीख विचारून ठेवावी.

डॉक्टर १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. उत्तरं हो किंवा नाहीत द्यायची असतात. शंका पक्की वाटली तर पुढची सविस्तर तपासणी होते. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डच्या आधारे सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

निदान झाल्यावर बोलण्याची, वागण्याची आणि रोजच्या कामांची थेरपी लवकर सुरू करणं हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. ती जितकी थेरपिस्टकडे होते, त्याहून जास्त घरी होते. आंघोळ घालताना, भाकरी भरवताना, शेतावर जाताना बाळाशी बोलणं हाही तिचाच भाग असतो. 'ऑटिझम मुळापासून बरा करू' म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. स्टेम सेल उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पेडगावची म्हण आणि हरवणारी दोन वर्षं

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. ती श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमाकाठच्या पेडगावशी जोडतात. परभणीच्या पेडगावचा तिच्याशी संबंध नाही. ऑटिझमचा वेडाशी तर मुळीच नाही. पण सगळं दिसत असूनही न दिसल्यासारखं करणं, हा त्या म्हणीचा अर्थ इथे बरोबर लागू पडतो. आईला अनेकदा खूप आधी कळलेलं असतं की बाळ हाकेला वळत नाही. घरातले म्हणतात, मुलगा आहे, बोलेल. मुलगी आहे, शांतच असते. लोक काय म्हणतील? पुढे तिचं लग्न कसं होईल? आणि मेंदू सगळ्यात वेगाने शिकत असतो ती दोन वर्षं निघून जातात.

मुलगा की मुलगी हे प्रसूतीच्या दिवशी कळेलच. त्याआधी भीती बाळगून काही बदलत नाही. बदलता येतं ते नंतरचं. बाळ नऊ महिन्यांचं झालं आणि आईने 'हा हाकेला बघत नाही' असं म्हटलं, तर त्या घराने तिचं बोलणं खरं मानून दुसऱ्याच दिवशी आशाताईंना बोलवावं.